दुकानच झालं गोदाम

लीड्स

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

कोरोनाची साथ ओसरल्यावर इथली दुकानं पूर्वपदावर आली का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. गिऱ्हाईक परत आलं, पण सगळं नाही. साथीआधी ब्रिटनमध्ये किरकोळ विक्रीतला सुमारे 20 टक्के पैसा ऑनलाइन यायचा. 2021च्या सुरुवातीला, टाळेबंदीत, तो 36-37 टक्क्यांवर गेला आणि मग 26-27च्या आसपास थांबला. 1778 साली सुरू झालेल्या डेबेनहॅम्स या साखळीची दुकानं मे 2021मध्ये कायमची बंद झाली, नाव तेवढं बूहू या ऑनलाइन कंपनीने घेतलं. कार्ड नुसतं टेकवून पैसे द्यायची मर्यादा 30 पौंडांची एप्रिल 2020मध्ये 45 झाली, पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये 100. रोख पैसे मोजून देणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यात फार अडचण झाली, आणि त्याची फिकीर कुणी फारशी केली नाही.

किराण्याचं तंत्र मात्र तुम्ही आपल्या दुकानासाठी समजून घ्यावं असं आहे. स्वतःच्या गोदामांतून माल पाठवणाऱ्या ओकाडो कंपनीसारखा अपवाद सोडला तर मोठ्या दुकानांचा बराचसा ऑनलाइन किराणा नेहमीच्या दुकानाच्या फळीवरूनच निघतो. पहाटे, गर्दी व्हायच्या आत, माणसं ढकलगाडीवर सहा-आठ क्रेट लावून निघतात. एका फेरीत अनेक घरांच्या याद्या भरतात. हातातलं यंत्र फळ्यांच्या क्रमाने पुढची वस्तू दाखवतं. जड माल खाली, पाव आणि अंडी वर. कोरडा, थंड आणि गोठवलेला माल वेगळा भरतात, आणि गोठवलेला फ्रीझरबाहेर कमीत कमी वेळ राहील असं बघतात. थंड माल 8 अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा इंग्लंडात कायदाच आहे.

सगळं बिघडतं ते शिलकेच्या आकड्यापायी. संगणक म्हणतो सहा डबे आहेत, फळी रिकामी. चोरी, फूटतूट हे तर आहेच. पण मला सगळ्यात घातक वाटते ती गल्ल्यावरची घाई. गिऱ्हाईक आंब्याच्या दह्याचे दोन आणि स्ट्रॉबेरीच्या दह्याचे दोन डबे घेतं, किंमत एकच, म्हणून आंब्याचाच डबा चारदा स्कॅन होतो. पैसे बरोबर मिळतात. पण आंब्याची शिल्लक दोनने जास्त उतरते आणि स्ट्रॉबेरीची उतरतच नाही. मग स्ट्रॉबेरी संपली तरी नवा माल मागवला जात नाही, आणि घरबसल्या मागवणाऱ्याला ती 'आहे' असंच दिसत राहतं. त्याच्या पिशवीत बदली म्हणून भलतीच वस्तू पडते आणि दारातूनच परत येते. म्हणून रोज सकाळी रिकाम्या जागा स्कॅन करतात. तेव्हाही आधी मागच्या खोलीतली खोकी बघायची आणि मगच आकडा शून्य करायचा. हा क्रम उलटला की माल असून पुन्हा मागवला जातो, आणि मागे पडलेल्याची तारीख उलटते.

तुमच्याकडे आता व्हॉट्सअ‍ॅपवर याद्या येतात, तर एवढं करा. याद्या घ्यायची वेळ ठरवा. रात्री आठपर्यंत आलेली यादी सकाळी निघेल, त्यानंतरची परवा. प्रत्येक घराचं खोकं वेगळं, वर नाव आणि पिशव्यांची संख्या. 'नसेल तर काय चालेल?' हे यादी घेतानाच विचारा. तूरडाळीला दुसऱ्या कंपनीची तूरडाळ चालते, चहाला दुसरा चहा बहुतेकांना चालत नाही. बाळाची दूधपावडर आणि औषधी तेल तर न विचारता कधीच बदलू नका. सुटा माल आधी वजन करून बांधा, भरणाऱ्याने एकदा आणि बिल करणाऱ्याने दुसऱ्यांदा खूण करावी. बिल खोकं भरून झाल्यावरच करा; आधी केलंत की न मिळालेल्या वस्तूचे पैसे परत करत बसावं लागतं आणि गिऱ्हाइकाचा विश्वास तिथेच उडतो.

शिलकेसाठी संगणकच पाहिजे असं नाही. भराभर खपणाऱ्या तीस-चाळीस वस्तूंची वही ठेवा आणि रोज त्यातल्या दहा वस्तू फळीवर आणि माळ्यावर, दोन्हीकडे मोजा. फरक आला तर नुसता आकडा खोडू नका, कारण शेजारी लिहा. महिन्याभरात तीच-तीच कारणं दिसू लागतील.

पोचवायला कोण जातं आणि उधारीवाल्यांची यादी कोण लिहितं, ते रविवारी फोनवर सांगा. आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
सुनील