रांचीचं ठरवलंय, पण आधी पूर्ण वाचा

शिरोली, १२ जून

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधल्या ओळी गाळू नका. दादाच्या पत्रातल्या तुम्ही गाळल्या होत्या आणि तिला सगळं कळलं होतं.

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, धारवाडचं नक्की झालं म्हणून गल्लीत पेढे वाटले. मी नुसतं "हं" म्हटलं आणि गप्प बसले. ते खोटं होतं. चार दिवस झाले, जेवण गोड लागत नाही.

धारवाडच्या आयआयटीनं मला एम.टेक.ची जागा देऊ केली आहे, हे खरंच आहे. पण मी ती अजून घेतलेली नाही. संगणकावर तीन पर्याय येतात: जागा घेऊन मोकळं व्हायचं, जागा हातात ठेवून पुढच्या फेरीची वाट बघायची, नाहीतर सोडायची. मी मधला घेतला, 'रिटेन अँड वेट'. जागा गेलेली नाही आई, घाबरू नको. मुदतीच्या आत उत्तर दिलंय, दोनदा तपासलंय.

वाट बघतेय ती रांचीच्या ओतकामाच्या संस्थेची. तिथले प्रवेश एनआयटीच्या फेऱ्यांतून होतात, त्यांची यादी वेगळी लागते. त्या अर्जात मी पहिल्या क्रमांकावर रांची भरलंय. नाव लागलं तर मी रांचीला जाणार, नाही लागलं तर धारवाडला. हे तुम्हाला विचारून करायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघांनीही लगेच "जा" म्हटलं असतं आणि मग बाबा रात्रभर कट्ट्यावर बसून राहिले असते. ते माझ्याच्यानं बघवलं नसतं.

रांची कशाला, ते सांगते. सरकारनं १९६६ साली तिथं खास ओतकाम आणि फोर्जिंग, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकून घडवणं, शिकवायला संस्था काढली. आता तिचं नाव बदललंय, पण फाउंड्री हा तिचा मूळ धंदा. हटिया म्हणून भाग आहे, तिथं. त्याच भागात एचईसीचा तो अवजड यंत्रांचा जुना कारखाना. धारवाडला काही कमी आहे असं मी म्हणत नाही. तिथं मेकॅनिकलमध्ये सगळंच शिकता येईल, आणि नाव तर केवढं मोठं. पण दोन वर्षं बीड म्हणजे ओतीव लोखंड, वाळू आणि भट्टी एवढंच धरून बसायचं तर मला रांचीच पाहिजे.

बाबा, तुम्हाला आठवतं का, सहावीत असताना मी डबा द्यायला उद्यमबागला तुमच्या कारखान्यात आले होते? तुम्ही मला वाळूच्या ढिगाजवळ उभं केलंत आणि मूठ भरून हातात दिलीत. म्हणालात, आवळ. मूठ उघडली तर गोळ्यावर माझ्या बोटांचे वळ उमटलेले. मग तो मधोमध मोडायला लावलात. कडा सरळ तुटली तर वाळू तयार, हाताला चिकटली तर पाणी जास्त, भुरभुरली तर कमी. इथं फाउंड्रीत कामावर आले त्या पहिल्या आठवड्यात मी लॅबमध्ये सवयीनं तशीच मूठ आवळली आणि म्हटलं, साडेतीन टक्के ओल असेल. यंत्रावर ३.६ आलं. साहेबांनी विचारलं, कुठं शिकलीस? मी तुमचं नाव सांगितलं.

पण मूठ सगळं सांगत नाही. गेल्या पावसाळ्यात आमची एक ऑर्डर ब्लो होलनं जवळजवळ अख्खी परत आली. ओल बरोबर होती, वाळू धरून ठेवणारी माती, ते बेंटोनाइट, बरोबर होतं, तरी बीडात भोकं. कुणाला कारण सापडलं नाही. शेवटी रात्रपाळीला साचे करणाऱ्या मोल्डरचे पैसे कापले. त्याचा चेहरा बघून मला तुमची १४ दिवसांची कापलेली मजुरी आठवली आणि तेव्हा आईनं कानातलं मोडलं होतं ते. ते भोक कशानं पडतं हे मला मुळापासून शिकायचंय, म्हणजे वाळूतला दोष माणसाच्या माथी मारला जाणार नाही. आणि त्या वाळूची बारीक धूळ, जी तुमच्या छातीत बसलीय, ती उडू न देता काम कसं करायचं, हेसुद्धा.

तात्या म्हणतील, घराजवळची आयआयटी सोडून कोण जातं का. त्यांना म्हणावं, पोरगी बाबाचाच धंदा शिकायला गेलीय. तेवढं बास.

बारावीनंतर शिकायला सांगलीला जायचं राहिलं, ते तुमच्या दोघांच्या मनात अजून आहे, मला माहीत आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत आपलं येळ्ळूर आहे, मातृभाषा मराठी आहे, हे सिद्ध करायला बाबांनी बिनपगारी रजा काढून कागद गोळा केले होते. त्यात आईचं ऑपरेशन निघालं. मला कुणी थांब म्हटलं नव्हतं. आई, तू तर भूल उतरता उतरता फॉर्मची तारीख विचारलीस. मीच थांबले, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. बेळगावात शिकताना चार वर्षं रोज संध्याकाळी घरी यायला मिळालं, राजहंसगडावर ढग उतरलेले बघत. यावेळी मात्र थांबू नये असं वाटतंय.

धारवाड दीड-दोन तासांवर, आणि हे रांची. अंतर आहे, खोटं कशाला बोलू. पण पुण्याहून हटियाला थेट रेल्वे आहे. एक दिवस नि थोडा वर. पुण्यापर्यंत आपली रात्रीची गाडी आहेच. दिवाळीला येणार, उन्हाळ्यात येणार. जेवणाची काळजी नको, तिकडं भात खातात, तोसुद्धा उकडा. गेट परीक्षेच्या जोरावर महिना १२,४०० रुपये मिळतात, त्यात माझं भागतं. स्लॅबचे हप्ते मार्चपर्यंतचे बाजूला काढून ठेवलेत, पुढचं दादाशी बोलले आहे. त्याला उगीच फोन करून विचारत बसू नका, तो नीट सांगणार नाही आणि तुम्हाला झोप लागणार नाही.

तिकडं थंडी असते. आई, मला नवीन ब्लँकेट घेऊ नको. ती वाकळ दे, बाबांच्या खाकी शर्टांची, कडेला तुझ्या हिरव्या लुगड्याची. त्या खाकीवर ठिणग्यांची बारीक बारीक भोकं होती ना, तू प्रत्येकावर टाका घातलेला. लहानपणी मी अंधारात बोटानं ते टाके मोजायचे. चाळीसच्या पुढं कधी गेले नाही, त्याआधीच झोप लागायची. ती अंगावर असली की मी कुठंही झोपेन.

आता नीट ऐका. बाबा, छातीचा एक्स-रे आणि ती फुंकायची तपासणी या महिन्यात करून घ्यायची. डॉक्टरांनी विचारलं तर "थोडा खोकला" एवढंच सांगू नका. ३१ वर्षं वाळूत काम केलंय हे आधी सांगा, ते कागदावर लिहून घ्यायला लावा. न्हाणीची चूल तुम्ही फुंकायची नाही. पाणी गॅसवर तापवा, सिलिंडरचे पैसे मी देते. आई, एकादशीला साखरेची गोळी बंद करायची नाही, विठोबा रागावत नाही. धूळवाफेची पेरणी झाली आहे, आता भांगलणीला बायका लाव. गुडघ्यावर बसून स्वतः करू नको. दीड हजार पाठवलेत, ते त्याचेच आहेत, मसुरीच्या बियाण्याला ठेवू नको. रागानं नाही बोलत गं. तुझे पाय सुजले की मला इथं बसून सुचत नाही.

पेढ्यांचं मनावर घेऊ नका बाबा. तुम्ही आनंदानं वाटलेत, ते कुठंही लागू पडतात. यादी लागली की पहिला फोन तुम्हालाच, त्याआधी कुणाला नाही.

आणि एक. ट्रंकेतली तुमची बारकी थापी, मुठीला सुतळी गुंडाळलेली, ती तात्यांनी गिलाव्याला मागितली तरी देऊ नका. रांची असो की धारवाड, ती माझ्याबरोबर येणार आहे. तेवढी तेलाचा हात फिरवून ठेवा.

तुमची,
चिमी