यंदा नाताळात मी राहायला येणार नाही

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगून पाहिलं. आई "बघू" म्हणाली, मग वांग्यांच्या भावावर गेली. बाबांनी तर "घे, आईशी बोल" म्हणून फोनच देऊन टाकला. म्हणून लिहायला बसले. पत्र बाबा दोनदा वाचतात आणि वाचताना मध्ये बोलत नाहीत.

आधी मुद्द्याचं सांगते. नाताळच्या सुट्टीत दरवर्षीसारखी आठ दिवस राहायला मी यंदा येणार नाही. ओवी आणि चिनू येतील, तुमचे जावई त्यांना शनिवारी आणून सोडतील. मी आणि माझ्या तिघी मैत्रिणी रावेरहून प्रकाशापर्यंत सायकलने जाणार आहोत. चार दिवस. बँकेतून रजा मंजूर झालीय, चोपडा, शिरपूर आणि शहाद्याच्या मुक्कामाचं ठरलंय, सायकलींची सर्व्हिसिंग झालीय. म्हणजे आता विचारत नाहीये, सांगतेय. हे वाक्य तीनदा लिहून खोडलं. पण गोड करून लिहिलं असतं तर आईने त्यात "अजून ठरलं नाही बरं का" असं वाचलं असतं.

कशाला, हा प्रश्न येणारच. गेल्या वर्षी माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ आली होती, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. ५.७ च्या पुढे गेलं की मधुमेहाच्या उंबरठ्यावर समजतात, आणि ६.५ ला आत. डॉक्टरांनी घरात कुणाला आहे विचारलं, मी म्हटलं वडिलांना, आजीला, दोन्ही आत्यांना. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही वाट कसली बघताय?" सायकल तेव्हापासून. आता ५.६ आहे. रिपोर्ट हवा तर जावयांसोबत पाठवते, बाबांना कागद बघितल्याशिवाय पटत नाही.

पण खरं सांगायचं तर साखर कमी झाली नसती तरी मी गेले असते. मला आवडतं म्हणून. चाळिशीच्या बाईला एखादी गोष्ट नुसती आवडते हे आपल्याकडे पुरेसं कारण धरत नाहीत, त्याला औषधाची चिठ्ठी जोडावी लागते. जोडली.

आई, तू म्हणशील, "लोकं काय म्हणून राहिले, माहिती का तुला?" माहितीये. बँकेतल्या बाईला गाडी परवडत नाही का, असं म्हणतात. तू माघात मुक्ताईला पायी जायचीस. एसटी होती, गावातून थेट जायची, तरी पायी. तुला कुणी विचारलं होतं का, गाडी असताना चालते कशाला? आणि आपले आजोबा? १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा चौदा वर्षांचे होते, घरी न सांगता पायी निघून गेले. हे बाबा पाहुण्यांना किती कौतुकाने सांगतात! मी निदान सांगून जातेय.

आता रस्त्याचं. बाबा, हे तुमच्यासाठी, नीट वाचा.

आम्ही रावेरहून निघणार. सायकली आदल्या दिवशी पिकअपने रावेरला जातील. तिथून सावदा, फैजपूर, यावल, किनगाव, अडावद, चोपडा. पहिला दिवस लांबचा, पण शंभराच्या आतच. मुद्दाम पूर्वेकडून पश्चिमेला चाललोय. तापी जिकडे वाहते तिकडेच जमीन उतरत जाते, सायकलवर तो उतार पायांना कळतो. हिवाळ्यातला वाराही बहुतेक पाठीवर मिळतो. उजव्या हाताला सगळा वेळ सातपुडा, म्हणजे वाट चुकायचीही सोय नाही. वेग ताशी अठरा-वीस. काही लोक दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरं करायचं म्हणून रात्री-अपरात्री निघतात, त्याचं कार्ड असतं, शिक्के असतात. आमचं तसलं काही नाही. कुठे चहा चांगला दिसला की थांबणार. अडावदला उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यात पाय सोडून बसायचं हे तर आधीच ठरलंय.

दुसऱ्या दिवशी अनेर ओलांडून शिरपूर, तिसऱ्या दिवशी शहादा. शहाद्याकडे आता गाळप चालू असणार, उसाचे ट्रॅक्टर मागे दोन-दोन ट्रॉल्या लावून जातात आणि वळणावर ट्रॉली कुठे झुकेल ते चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यांच्या बाजूने पुढे जायचं नाही, थांबायचं आणि जाऊ द्यायचं, असं चौघींचं ठरलंय. चौथ्या दिवशी प्रकाशाला केदारेश्वराचं दर्शन. तापी-गोमाईच्या संगमावर आई, तुझ्या नावाने दिवा सोडेन. तिथून नंदुरबार, आणि रेल्वेने घरी.

बाबा, मला माहीत आहे तुमच्या डोक्यात काय चाललंय. तुम्ही बोलणार नाही, म्हणून मीच बोलते. नानांचं झालं तेव्हा मी सहावीत होते. त्यानंतर तुम्ही घरातली सायकल माळ्यावर टाकली आणि मला शाळेत सोडायला स्वतः यायला लागलात, दहावीपर्यंत. मी कधी का विचारलं नाही. नानांच्या सायकलला मागे लाल काचसुद्धा नव्हती, हे तुम्ही मला एकदाच सांगितलं, ओट्यावर, अंधारात. पुढचं सांगितलं नाहीत.

म्हणून ऐका. माझ्या सायकलला मागे लाल दिवा आहे, तो दिवसासुद्धा उघडझाप करत असतो. पुढे पांढरा. डोक्याला हेल्मेट, अंगावर पोपटी रंगाचं चमकणारं जाकीट, इतकं भडक की चिनू मला रस्त्याचं काम करणारा मामा म्हणतो. डिसेंबरात सातला उजाडतं, त्याआधी आम्ही निघणार नाही. पावणेसहाच्या सुमाराला सूर्य जातो, पाचच्या आत मुक्कामाला. एकामागे एक चालणार, गप्पा मारत शेजारी शेजारी नाही. आणि जिथे गावरस्ता मिळेल तिथे मोठा रस्ता सोडणार. तुमची भीती जाणार नाही हे मला कळतं. ती जावी असा माझा हट्टही नाही. फक्त मी ती बरोबर घेऊन, हिशोबात धरून निघतेय एवढं कळावं.

आणि सायकल मला शिकवली कुणी? घरासमोरच्या रस्त्यावर, तुमची ती बावीस इंची, मी दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायची आणि तुम्ही कॅरिअर धरून मागे पळायचात, धोतर एका हातात. "सोडू नका" म्हटलं की "नाही सोडत" म्हणायचात, आवाज मात्र लांबून यायचा. पंक्चर काढायलाही तुम्हीच शिकवलं. घमेल्यात पाणी, त्यात ट्यूब बोट-बोट पुढे सरकवत दाबायची, बुडबुडा आला की तिथे खडूने फुली. आता टायर २८ मिलिमीटरचं आहे आणि ठिगळ पाकिटात मिळतं, पण वेड्या बाभळीचा काटा तोच. गेल्या महिन्यात किनगावच्या पुढे रस्त्याच्या कडेला मी टायर उतरवून बसले, काटा आतून बोटाने चाचपून शोधला, नखांच्या चिमटीत ओढून काढला. बैलगाडीवाले एक काका थांबून बघत होते. म्हणाले, "कोणी शिकवलं?" मी तुमचं नाव सांगितलं. ते तुम्हाला ओळखत होते. खान्देशात सायकल चालवायचा हा एक तोटा, कुठेही पंक्चर झाली तरी बातमी घरी आधी पोहोचते.

गाडीतून काच वर करून त्या रस्त्याने किती वर्षं जातेय, पण सायकलवरूनच कळलं की थंडीत सकाळी बागांच्या कडेने पेटवलेल्या काडीकचऱ्याचा धूर वर जातच नाही, केळीच्या पानांच्या उंचीला अडकून राहतो. गुडघ्याएवढी कांदेबागेच्या केळीची रोपं त्या धुरात उभी असतात. ठिबक चालू असलं तर आवाजही येतो, बारीक, पेर-पेर. सावद्याला ट्रक भरणारी माणसं घड खांद्यावरून उतरवताना किती हळू हात लावतात, ते मी शेतकऱ्याची मुलगी असून पहिल्यांदा नीट बघितलं.

आता सगळ्यात अवघड भाग. पहिल्या दिवशी अकराच्या सुमाराला आम्ही आपल्या फाट्यावर असू. घरी येऊ. जेवू. पण मुक्काम करणार नाही.

आई, रागावू नकोस. मैत्रीण चोपड्याची, तिच्या मावशीकडे स्वयंपाक होणार आहे, दुसऱ्या दिवशीचा टप्पा तिथूनच सोपा पडतो, ही सगळी कारणं खरी आहेत. पण खरं कारण वेगळं आहे. घरी झोपले तर मी उठायची नाही. तू सकाळी पाठीवर हात फिरवत "थंडी आहे, पड अजून" म्हणशील, बाबा फाटकाशी काही न बोलता उभे राहतील, आणि मी सायकल पिकअपमध्ये टाकून मोकळी होईन. मला माझं माहीत आहे. तुझ्या हाताखाली माझं वय दहाच्या वर जात नाही. म्हणून दोन तास. दोन तासांत तुला जितके लाड करायचे तितके कर.

जेवायला भरीतच कर, दुसरं काही नको. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, हिरवी मिरची ठेचून, वर कांद्याची पात आणि दाणे, आणि कळण्याची भाकरी. पुऱ्या नकोत, पुऱ्या खाऊन चोपडा गाठणं आमच्याच्याने होणार नाही. मैत्रिणींपैकी एक लसूण खात नाही, तिचं आधी बाजूला काढ. वांगी बाबांना आणू दे पण काड्या तू वाकून गोळा करायच्या नाहीत, गुडघ्याला पट्टा लावूनच चुलीपाशी बस, तीही पाटावर नाही, मी दिलेल्या त्या बुटक्या स्टुलावर. आणि आमची ती जाड गादीची पँट बघून काही बोलू नकोस. गावात शिरताना मी वरून सलवार घालेन. मैत्रिणींना सांगायला जमणार नाही, तेवढं सांभाळून घे.

मुलांची काळजी नाही, तुमच्याकडे ती माझ्याकडे असतात त्याहून शहाणी असतात. ओवीला रात्री खोकला होतो, हळद-दूध दे. चिनूला मोबाइल अर्धा तास. तू दोन तास देशील हे गृहीत धरून अर्धा लिहिलाय.

गॅसचं बुकिंग केलंय, बुधवारपर्यंत सिलिंडर येईल, पैसे भरलेले आहेत, वर काही मागितलं तर देऊ नका. दळण जावई येताना आणतील. बाबांच्या गोळ्या दोन महिन्यांच्या पाठवतेय, सकाळच्या पांढऱ्या डबीत, रात्रीच्या निळ्या. डोळ्याचे थेंब दिवसातून चार वेळा, आठवलं की नाही, घड्याळ लावून. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत आहे आणि त्या आठवड्यात मी तुमच्याकडेच आहे, ते आठ दिवस कुणालाही दिलेले नाहीत.

आणि बाबा, रात्रीची थ्री फेज आली की मोटर चालू करायला तुम्ही मळ्यात जायचं नाही. ऑटो स्टार्टर त्यासाठीच बसवलाय. थंडीसाठी बागेत धूर करायलाही जायचं नाही, सालदार जाईल. यावल-चोपड्याकडे केळीच्या बागांत बिबट्या दिसल्याच्या बातम्या मीही वाचते, तुम्ही पेपर लपवलात तरी. "मी काय पहिल्यांदा जातोय का" हे ऐकणार नाही. मी दिवसा, हेल्मेट घालून, तिघींसोबत जाणार, तर तुम्ही बॅटरी घेऊन एकटे रात्री दोनला का जाल? एकीकडे माझी काळजी आणि एकीकडे स्वतः असं, हे चालणार नाही.

मी रोज तीनदा फोन करेन. निघताना, दुपारी, पोचल्यावर. मध्ये केलात तर उचलणार नाही, सायकलवर असेन, त्यावरून काही झालं असं समजू नका. आईला हे दोनदा वाचून दाखवा.

जाकिटाचा फोटो सोबत पाठवतेय, फाट्यावर ओळखायला अडचण नको. आणि आई, भाकरी आठच कर. चौघींना आठ पुरतात, वीस नकोत.

तुमची,
बेबी