बाबा, इथे कट-ऑफ लागत नाही

ती. आई-बाबांस
सा. न. वि. वि.

बाबा, माझ्या इथल्या मेडिकलच्या प्रवेशाचा ‘कट-ऑफ किती?’ हे तुम्ही दर फोनला विचारता. फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे नीटचा एक स्कोअर, त्यावरून रँक, मग राउंड. एका मार्काने पोरं मागे राहतात. अमेरिकेत एकच अर्ज भरून तो अनेक कॉलेजांना पाठवतात आणि प्रत्येक कॉलेज तो आपल्या पद्धतीने वाचतं. एमडी ही इथली डॉक्टरकीची पहिली पदवी, आपल्या एमबीबीएससारखी. 2024 साली एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए, म्हणजे कॉलेजातल्या ग्रेडची चारपैकी सरासरी, 3.79 होता. माझा 3.31 आहे. कमीच आहे, आणि काही कॉलेजं तेवढ्यावरूनच मला बाजूला ठेवतील हे धरून चालले आहे. पण सरासरीच्या खाली असलेल्यांनाही दर वर्षी जागा मिळतात. थोड्या असतात, पण असतात.

आई सांगते, माझे मार्क घसरले ते तुमच्यामुळे असं तुमच्या मनात अजून आहे. बाबा, ते काढून टाका. तुमची नोकरी गेली तेव्हा शिकता शिकता संध्याकाळी काउंटरवर कामाला उभं राहायचं मी ठरवलं होतं, आणि आज तशी वेळ आली तरी तेच ठरवेन. ऑरगॅनिक केमिस्ट्रीतला सी ग्रेड त्या सेमिस्टरचा आहे. तो कायम राहणार. विषय पुन्हा घेऊन ए मिळवला तरी एमडीच्या अर्जात दोन्ही ग्रेड धरतात. डीओ ही डॉक्टरकीची दुसरी पदवी, तिच्याबद्दल पुढे लिहिते. तिच्या अर्जात पूर्वी नवी ग्रेड तेवढी धरायचे, 2017 पासून तेही बंद झालं. म्हणून तर पदवीनंतरच्या संध्याकाळच्या कोर्सेसमध्ये, बायोकेमिस्ट्री काय नि फिजिऑलॉजी काय, बहुतेक सगळीकडे ए असूनही 3.12 वरून जेमतेम इथवर पोचले. मात्र अर्जात प्रत्येक वर्षाचा जीपीए वेगळा दिसतो. कुठून कुठे आले ते वाचणाऱ्याला कळेल. एमकॅटला, म्हणजे इथल्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला, 513 आहेत, ते प्रवेश मिळालेल्यांच्या सरासरीहून थोडे जास्तच.

बाकी जे आहे ते आकड्यांत येत नाही. मी रात्रपाळीला काम करते त्या वॉर्डात ज्यांना स्वतःला हलता येत नाही त्यांची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर अंगाला जखमा होतात. टाच लाल दिसली की बोटाने दाबून सोडायचं. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक. दाबूनही लालच राहिली तर ताबडतोब नर्सला सांगायचं. पहाटे चार वाजता एका आजोबांची टाच अशी राहिली, आणि ते मात्र मला एवढंच विचारत होते की बाळ, तू जेवलीस का. डॉक्टर व्हायचं ते अशा माणसांसाठी, आणि अर्जातल्या निबंधात मी हेच लिहिलं आहे.

आई, डीओ म्हणजे खरा डॉक्टरच. पहिलं कॉलेज 1892 साली मिसूरीत कर्क्सव्हिलला निघालं. डीओंना अमेरिकेच्या सर्व राज्यांत औषधं लिहिण्याचा, शस्त्रक्रिया करण्याचा पूर्ण परवाना असतो, आणि 2020 पासून रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाची, निवडही एमडींबरोबर एकाच प्रक्रियेतून होते. तिथे जीपीएची सरासरी थोडी खाली आहे. मी दोन्हीकडे अर्ज करते आहे. काका म्हणतात तसं कॅरिबियनला नाही जाणार. तिथे प्रवेश लवकर मिळतो, पण पुढे रेसिडेन्सीची जागा मिळवताना मुलांची फार दमछाक होते.

आणि सांगलीचा प्लॉट विकायचा नाही, बाबा. अर्जांचे पैसे मी पगारातून बाजूला टाकलेत. शिक्षणासाठी सरकारी कर्ज वर्षाला 50,000 डॉलरपर्यंत मिळतं, एकूण दोन लाखांपर्यंत. वर जे लागेल ते कसं उभं करायचं ते प्रवेश मिळाल्यावर आपण तिघं बसून ठरवू. तो प्लॉट तुमच्या म्हातारपणाचा आहे, माझ्या फीचा नाही.

अर्ज जूनच्या सुरुवातीला जाईल, मग प्रत्येक कॉलेजचे वेगळे निबंध. मुलाखतीचं बोलावणं शरद ऋतूपासून पुढच्या वसंतापर्यंत कधीही येऊ शकतं, त्यामुळे मधले महिने काहीच कळणार नाही. कोणी विचारलं तर सरळ सांगा, मनूने अर्ज केलाय, मार्क थोडे कमी आहेत, वाट बघतोय. लपवू नका. पहिलं बोलावणं आलं की तुमच्याकडे मध्यरात्र असली तरी फोन करेन.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का ते कळवा. रिपोर्टचा फोटो पाठवा, नुसतं ‘ठीक आहे’ नको.

तुमची
मनू