भूपातली सात मिनिटं

चि. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी स्वरचित बंदिश आणि स्पर्धेचं नियमपत्रक, दोन्ही नीट वाचलं. स्वरलिपी आधी जमा करायची आहे, म्हणून बंदिशीपासूनच सुरू करते.

सोळा मात्रांच्या त्रितालात मुखडा (समेकडे नेणारी पहिली ओळ) खालीपासून, म्हणजे ९ व्या मात्रेपासून उचलला आहेस, ते फार चांगलं झालं. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, गंधार (ग) आहे, तोही भूप रागाला शोभणारा. अडचण शब्दांची आहे. ‘दिवा लाविला तुळशीपाशी’ म्हणताना सम ‘तु’वर येते. ते अक्षर ऱ्हस्व. त्यावर गंधार ठरत नाही, आणि ठरवायला गेलीस की ‘तू’ होऊन शब्द मोडतो. त्याऐवजी ‘तुळशीपाशी दीप लाविला’ असं करून बघ. ९ ते १२ ‘तु ळ शी ऽ’, १३ ते १६ ‘पा ऽ शी ऽ’, समेवर ‘दी ऽ प ऽ’ आणि ५ ते ८ ‘ला ऽ वि ला’. आता ‘दी’वर गंधार दोन मात्रा निवांत उभा राहील. आठव्या मात्रेनंतर लगेच ‘तु’ उचलायचा आहे, तेव्हा ‘वि’च्या आधी श्वास चोरायला शीक.

अंतऱ्यात, बंदिशीच्या दुसऱ्या भागात, जास्त काम आहे. तिथे तू धैवतावर (ध) तीनदा थांबली आहेस. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. फरक आहे तो वजनाचा. भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि चाल पूर्वांगात, खालच्या स्वरांत; देशकारात धैवत वादी आणि सगळी ओढ उत्तरांगाकडे, वरच्या स्वरांकडे. परीक्षक हेच कान देऊन ऐकतात. ‘ग ग प ध सां’ने तार षड्जावर जा, तिथे थांब, आणि उतरताना धैवतावर न रेंगाळता ‘सां ध प ग’ करत गंधारावर ये. शब्दांतला ‘पहाटवारा’ही काढ. देशकार सकाळचा, भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, आणि तुझा दिवा तर तिन्हीसांजेचा आहे.

स्वरलिपी भातखंडे पद्धतीने लिही. १६ रकाने, चार विभाग. समेला ×, पाचव्या मात्रेला २, नवव्याला ०, तेराव्याला ३. मंद्र स्वराखाली बिंदू, तार स्वरावर बिंदू, एका मात्रेतल्या दोन स्वरांखाली कंस. स्वर लांबला की आडवी रेघ, अक्षर लांबलं की अवग्रह (ऽ). तू दोन्हीकडे रेघच ओढली आहेस.

गायनाचं म्हणशील, तर ७ मिनिटांत विलंबित ख्याल घेऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. बारा मात्रांच्या विलंबित, म्हणजे संथ, एकतालात मात्रा ४ सेकंदांची धरली तर एक आवर्तन ४८ सेकंदांचं. सगळी मिळून नऊसुद्धा होत नाहीत, राग बसायच्या आत घंटा वाजते. मध्यलय त्रिताल घे, मिनिटाला १६० मात्रा. आवर्तन बरोबर ६ सेकंदांचं होतं. पाऊण मिनिट आलाप, मग स्थायी-अंतरा, बोलआलाप, शेवटच्या दोन मिनिटांत ताना, आणि १५ सेकंद शिल्लक ठेवून तिहाई (तीनदा घेऊन समेवर संपवायचा तुकडा).

रंगमंचावर हमखास होतं ते हे, की घाईत लय २०० वर जाते. १६० ला दुप्पट लयीतली तान सेकंदाला पाच-सव्वापाच स्वरांची असते. २०० ला जवळजवळ सातांची. तेवढ्या गतीत ‘सां ध’ म्हणताना मधे भूपात नसलेला निषाद (नी) घसटतो आणि भूप बिघडतो. म्हणून लय तू स्वतः हातावर टाळी देऊन सांग, तबल्याकडून येईल ती घेऊ नकोस. खालीपासून समेपर्यंत ८ मात्रांच्या, १६ स्वरांच्या चार ताना पक्क्या कर. त्या पुरतात.

आता सूर लावण्याबद्दल. पेटी जागेवर सुरात लावता येत नाही, म्हणून आधी तिचा सूर ऐकायचा, त्याला तानपुऱ्याचं यंत्र बारीक सुराच्या बटणाने जुळवायचं, मग तबला. भूपात मध्यम नाही, तेव्हा तानपुरा पंचमाचाच. तुझा षड्ज (सा) काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा. तिथला तबला बहुतेक काळी एकचा असेल, म्हणजे तुझा शुद्ध मध्यम. सात मिनिटं तोच वर्ज्य स्वर कानावर पडत राहणार! तो काळी चारपर्यंत उतरवायला गेलं तर पुडी, म्हणजे तबल्याचं चामडं, सैल पडून आवाज बसतो. एक स्वर चढवून काळी दोनला आणला तर तुझा पंचम मिळतो, पण जुनी पुडी त्या ताणाने फाटू शकते. साथीला बसणाऱ्या काकांनी ढाल्या, म्हणजे खालच्या, सुराचा, काळी चारला बोलणारा स्वतःचा तबला आणणं सगळ्यांत बरं. मी त्यांना आजच कळवते.

तानपुरा फोनवर लावणार असशील तर फोन विमान मोडवर टाक. एक कॉल आला की षड्ज गायब.

दुरुस्त केलेली स्वरलिपी गुरुवारपर्यंत पाठव. एक प्रत पेटीवाल्यांना द्यायची आहे. तुझी बंदिश त्यांनी कधी ऐकलेली नाही, आणि अंदाजाने वाजवली तर ते तुझ्या मागे अर्धी मात्रा राहतील.

तुझी,
आई