आधी बंदुका कोणी आणल्या?

पुणे

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

'मवाळ अर्ज करत बसले, १९१६ ला पोरांनी बंदुका उचलल्या आणि काम झालं,' असं आयर्लंडबद्दल तू लिहिलंस. इतकं सरळ नाही रे ते. मला तर त्या सगळ्या प्रकरणाचा खरा कर्ता १९१६ च्या बंडाचा पुढारी पिअर्स वाटतच नाही. वाटतो तो एडवर्ड कार्सन, अल्स्टरवाल्यांचा पुढारी, स्वराज्य नकोच म्हणणारा!

ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनचं १८८६ चं होमरूल बिल, म्हणजे आयर्लंडला स्वराज्य देणारं बिल, कॉमन्समध्ये पडलं, १८९३ चं लॉर्डांनी फेटाळलं. १९११ मध्ये लॉर्डांचा कायमचा नकाराधिकार गेला, पुढच्याच वर्षी तिसरं बिल आलं आणि आयरिश मवाळांचा पुढारी जॉन रेडमंडला वाटलं, आता घास तोंडाशी आला. मागणी तरी केवढीशी? डब्लिनला विधिमंडळ, सैन्य आणि परराष्ट्र कारभार लंडनकडेच. (आपल्या टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली ती एप्रिल १९१६ मध्ये, डब्लिनचं बंड झालं त्याच महिन्यात. पण त्यांच्यापुढचा नमुना रेडमंडचाच होता.)

एवढ्याशा मागणीवर अल्स्टर, म्हणजे आयर्लंडचा उत्तरेकडचा प्रांत, पेटलं. सप्टेंबर १९१२ मध्ये साडेचार लाखांहून जास्त बायका-पुरुषांनी विरोधाच्या प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या. १९१३ ला त्यांनी स्वतःची फौज उभारली. तिच्याकडे बघूनच त्या नोव्हेंबरात डब्लिनमध्ये आयरिश स्वयंसेवक दल निघालं. मार्च १९१४ मध्ये कराघच्या छावणीतले ब्रिटिश अधिकारी म्हणाले, अल्स्टरवर पाठवणार असाल तर नोकरी सोडतो. एप्रिलात लार्न बंदरात रातोरात पंचवीसेक हजार रायफली उतरल्या. कार्सनला कोणी हातही लावला नाही. जुलैत राष्ट्रवाद्यांनी हौथला जेमतेम नऊशे आणल्या, तर त्याच संध्याकाळी सैनिकांनी डब्लिनच्या रस्त्यात गर्दीवर गोळ्या झाडून माणसं मारली.

आणि मग कार्सनचं काय झालं? १९१५ ला तो ब्रिटिश सरकारात अॅटर्नी जनरल!

रेडमंडचा कायदा सप्टेंबर १९१४ मध्ये मंजूर झाला आणि युद्धाच्या नावाखाली त्याच दिवशी स्थगितही झाला. त्या भरवशावर त्यानं आपली माणसं युद्धात पाठवली. सांग, आयरिश तरुणानं यातून काय शिकायचं होतं? टॉम क्लार्कसारखे कट्टर क्रांतिकारक काही झालं तरी उठलेच असते, मान्य. पण लोक त्यांच्यामागे नव्हते. लोक फिरले ते मे १९१६ मध्ये, ब्रिटिश जनरल मॅक्सवेलनं बंडातल्या पंधरा जणांना गोळ्या घातल्यावर. त्यांतल्या जखमी कॉनलीला तर खुर्चीवर बसवून मारलं. १९१८ च्या निवडणुकीत पूर्ण स्वातंत्र्य मागणाऱ्या शिन फेन पक्षाला ७३ जागा, रेडमंडच्या पक्षाला ६. तो स्वतः मार्चमध्येच गेला होता.

सगळ्यात विचित्र गोष्ट तर पुढेच आहे. १९२० च्या कायद्यानं फाळणी झाली आणि होमरूलचं विधिमंडळ प्रत्यक्षात चाललं ते फक्त बेलफास्टला, ज्यांनी ते नको म्हणून बंदुका आणल्या त्यांच्याकडे! दक्षिणेनं ते नाकारलं, लढाई चालू ठेवली, आणि डिसेंबर १९२१ च्या तहात त्याहून बरंच जास्त मिळवलं. इथे तुझा मुद्दा थोडा वर येतो, हे मला दिसतंय. त्यावर तू काय लिहितोस ते बघतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास