आधी घराणं विचारा, मग वजन: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

माझी आई अंगानं किडकिडीत. आजोबांना मधुमेह, मामालाही. पण आईची साखर तपासावी असं कुणाला वाटलंच नाही. निदान झालं तेव्हा डोळ्यांच्या पडद्याला इजा पोचली होती. तिची सख्खी बहीण स्थूल. तिला प्रत्येक तपासणीत ‘तोंडावर ताबा ठेवा’ एवढंच ऐकवलं गेलं. एकीकडे दुर्लक्ष झालं, दुसरीला बोल लागला. मला दोन्हींचा राग आहे.

आनुवंशिकता या दोघींना वेगवेगळ्या वाटांनी गाठू शकते. २००७ साली एफटीओ जनुकातला एक बदल मधुमेहींमध्ये जास्त आढळला. पण वजनाचा परिणाम वजा केल्यावर त्याचा मधुमेहाशी असलेला संबंध उरलाच नाही. म्हणजे तो आधी वजन वाढवतो आणि त्या वाटेनं मधुमेहाकडे नेतो. आई आणि वडील दोघांकडूनही तो आलेल्या प्रौढांचं वजन, तो अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोंनी जास्त भरलं. एमसी४आर या जनुकात गंभीर बिघाड असेल, तर पोट भरल्याचा निरोप मेंदूत नीट पोचतच नाही. अशा माणसाला ताब्याचा उपदेश करणं क्रूरपणाचं आहे.

२००६ मध्ये मधुमेहाशी संबंध सापडलेल्या टीसीएफ७एल२ या जनुकाची वाट निराळी. तिथला बदल वजन वाढवून नव्हे, तर स्वादुपिंडातल्या बीटा पेशींचं इन्सुलिन स्रवणं कमी करून धोका वाढवतो. सडपातळ माणूस इथेच नजरेतून सुटतो.

म्हणून काही नशिबावर हवाला ठेवायचा नाही. अमेरिकेतल्या ‘डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ या अभ्यासात आहार, व्यायाम आणि थोडं वजन घटवल्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. टीसीएफ७एल२मधला बदल दोन्ही बाजूंनी आलेल्यांनाही त्याचा लाभ झाला. पण त्यासाठी धोका वेळेत कळायला हवा.

महागड्या जनुक-चाचण्या मी मागत नाही. बहुतेकांच्या बाबतीत असे अनेक बदल थोडाथोडा भार टाकतात. एकाच जनुकावरून फारसं कळत नाही. तपासणीच्या अर्जावर वजनाच्या रकान्याआधी एक प्रश्न छापा: आई-वडील, भावंडं यांपैकी कुणाला मधुमेह आहे का? उत्तर ‘हो’ आलं, तर वजन कितीही असो, प्रौढ व्यक्तीची साखर तपासण्याचा लेखी आदेश काढा. आणि जनजागृतीच्या फलकांवरून खादाडपणाची ती चित्रं उतरवा.

आपली,
एका मधुमेही आईची मुलगी