शनिवारच्या सहलीसाठी : घरचे गोड पदार्थ कसे आणायचे

सर्व कुटुंबांनी शनिवारी सकाळी 6 वाजता सोसायटीच्या फाटकापाशी जमायचं आहे. गाड्या 6.15 ला सुटतील. गोड पदार्थ आणणाऱ्यांनी एवढं कृपया पाळा.

• केक आदल्या संध्याकाळीच भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात ठेवा. कोमट केकवर झाकण लावलं की आत वाफ धरते, पाणी ठिबकतं आणि वरचा थर चिकट होतो.

• केकचा डबा सीटवर नको. सीट मागे उतरती असते, ब्रेक लागला की डबा घसरतो. पायांजवळ सपाट जागी, खाली रबरी मॅट घालून ठेवा.

• कस्टर्ड, क्रीम, चीजकेक बर्फाच्या पेटीतच, 5 अंशांच्या खाली. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं, तर टाकून द्या; कडक उन्हात, 32 अंशांच्या वर, एकच तास धरा. वास चांगला आहे म्हणून मुलांना देऊ नका. पाण्याच्या बाटल्यांसाठी वेगळी पेटी आणा, नाहीतर ही सारखी उघडली जाते.

• शेंगदाणे, काजू, अंडं असेल तर डब्यावर ठळक लिहा.

स्टेपनी डिकीच्या तळाशी असेल, तर डबे तिच्यावर रचू नका; पंक्चर झाल्यावर सगळं रस्त्यावर उतरवावं लागतं. शुक्रवारी स्टेपनीतली हवाही तपासा, ती हमखास राहते. गाडी बंद पडली तर आधी चारही इंडिकेटर लावा आणि मुलांना रस्त्यापासून लांब उभं करा.

कोण काय आणणार ते गुरुवारी रात्रीपर्यंत कळवा.